पालथ्या आक्कांची शीर

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. शिकणाऱ्याला हे ठाऊक असतं, म्हणून तो एकही नीट दाबत नाही.

पालथं झोपलेल्या माणसाची विचारपूस टाळूकडे बघून करावी लागते.

पुस्तकातला पाय नेहमी समोरून काढलेला असतो.

थंड हातांची सवय होते. सोनोग्राफीच्या थंड जेलची होत नाही.

मानेतली नळी निसटली होती.

मान आक्कांची. भाऊ त्यांना आक्का म्हणायचा, मग सगळा अतिदक्षता विभाग म्हणू लागला. फुप्फुसं पाण्याने भरलेली, म्हणून त्यांना सकाळी पोटावर झोपवलं होतं. तोंडात श्वासाची नळी, छातीखाली उशी, कमरेखाली उशी. उलटताना मानेतल्या मोठ्या शिरेतली नळी निम्मी बाहेर आली. रक्तदाब धरून ठेवणारं औषध तिच्यातून जायचं. आता ते हाताच्या बारक्या शिरेतून चाललं होतं आणि हात फुगत होता.

"उताणं करू या?" सिस्टरने विचारलं.

"मघाशी जरा कुशीवर वळवलं तर ओठ निळे पडले," डॉक्टर म्हणाल्या. "उताणं केलं तर नळी घालायला कोणी उरणार नाही."

"मग मानेतच दुसरी, पालथं असतानाच?"

मान सुजली होती, वर श्वासाच्या नळीच्या पट्ट्या. सुईला जागा नव्हती.

"गुडघ्यामागे," डॉक्टर म्हणाल्या. "तिथे मोठी शीर असते. पालथ्या माणसाची तीच तेवढी वर येते."

"कधी केलंय?"

"पाहिलंय."

"कुणाचं?"

"चित्रात."

सिस्टरने पाकिटातून हातमोजे काढून दिले. बोलायचं ते हातमोज्यांच्या आवाजात बोलून झालं.

भाऊ बाहेर बाकड्यावर. ड्रायव्हिंग स्कूलचा शर्ट, खिशाला शिट्टी.

"औषध हृदयाचं आणि सुई गुडघ्यात? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!"

"शिरेतलं रक्त शेवटी हृदयाकडेच जातं, काका."

"आणि चुकलं तर?"

"शेजारीच धमनी आहे. तिच्यात जाड नळी गेली, तर पाय जाऊ शकतो."

"आणि नाही घातली तर?"

"तर पाय राहील. नुसताच."

भावाने शिट्टी खिशातून काढली, पाहिली, परत ठेवली. "घाला," तो म्हणाला.

डावा गुडघा. डॉक्टर स्टुलावर बसल्या. सोनोग्राफीच्या पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसली, एकाखाली एक.

नियम असा: यंत्राने दाबलं की चपटी होते ती शीर, होत नाही ती धमनी.

दाबलं. दोन्ही चपटी झाली. आक्कांच्या धमनीत ताठ राहण्याइतका दाब उरला नव्हता.

दुसरा नियम: धमनीचं रक्त लालभडक, शिरेचं काळसर.

ऑक्सिजन इतका कमी होता की आक्कांचं सगळंच रक्त काळसर असणार होतं.

उरलं ते चित्र. चित्रात धमनी आधी, शीर तिच्यामागे. डॉक्टरांनी मागचं म्हणून खालचं वर्तुळ धरलं.

सुई गेली. रक्त आलं. काळसर.

"शीरच," सिस्टर म्हणाली आणि तार पुढे केली. तारेवरून जाड नळी सरकवायची, की संपलं.

डॉक्टरांनी तार घेतली नाही. "आधी साधी नळी द्या. पारदर्शक."

ती सुईला जोडून वर उभी धरली. शिरेतलं रक्त अशा नळीत वर राहत नाही, खाली येतं. तिघे वर बघू लागले: डॉक्टर, सिस्टर आणि वॉर्डबॉय, ज्याला सगळे मामा म्हणत.

रक्त वर चढलं. थांबलं. परत चढलं. दम लागलेलं माणूस जिना चढतं तसं.

"धमनी," मामा म्हणाला.

"हो. चित्र समोरून काढलेलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "मी मागे बसलेय."

सुई बारीक होती, ती काढली. मामाने डाव्या गुडघ्यामागे बोटं रोवली.

"किती वेळ दाबू?"

"मी सोड म्हणेपर्यंत."

"आणि तुम्ही विसरलात तर?"

"तर घरी उशिरा जाशील."

मॉनिटरवर रक्तदाब उतरत होता. फुगलेल्या हातातलं औषध आता कुठेच जात नव्हतं. स्टूल उजव्या बाजूला सरकलं. पुन्हा जेल, पुन्हा दोन वर्तुळं. या वेळी वरचं. सुई, रक्त, तेच काळसर. पारदर्शक नळी वर. रक्त निमूटपणे खाली उतरलं.

"तार," डॉक्टर म्हणाल्या.

नळी बसली. औषध तिला जोडलं. आकडा काही वेळ जागच्या जागी राहिला, मग चढू लागला. सिस्टरने फुगलेला हात उशीवर उंच ठेवला.

भाऊ काचेतून बघत होता. डॉक्टर बाहेर आल्या.

"नळी कुठल्या पायात घातली?"

"उजव्या."

"मग तो माणूस डावा पाय धरून का उभा आहे?"

"तिथे आधी चुकलं. बारीक सुईने. पाय शाबूत आहे, पावलाची नाडी लागतेय."

भावाने डॉक्टरांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. "शिकाऊ का तुम्ही?"

"गुडघ्यामागे? हो."

"आणि आक्का?"

"दाब धरलाय. आज रात्र काढावी लागेल."

"कोणी काढायची?"

"त्यांनीच."

आत मामा अजून दाबून उभा होता.

त्यानंतरच्या वर्षी आक्कांचे दोन्ही गुडघे दुखू लागले. हाडांच्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं.