सगळ्यांची कंपनी

गंगव्वा निपाणीची. वीस वर्षं तिनं विड्या वळल्या, मग मुलाबरोबर बेंगळुरूला आली आणि व्हाइटफील्डच्या एका कारखान्यात विमानाच्या तारांच्या जुड्या बांधू लागली. मेणाचा दोरा, बोटाबोटाच्या अंतरावर एकसारखी गाठ. तिच्या कामावर कधी कुणी बोट ठेवलं नव्हतं.

मार्चमध्ये अमेरिकेहून वँडा आली. साठीची, तिथल्या मूळनिवासी चेरोकी जमातीची. तिच्या कंपनीतही हेच काम चाले. त्यातलं थोडं इकडे देता येईल का, ते बघायला आली होती. दुभाषी म्हणून सुप्रीता, कारखान्यातली इंजिनिअर. तिचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूतलंच.

वँडानं सोबत आणलेली एक जुडी पुढे ठेवली. गंगव्वानं नखानं एकेक गाठ चाचपली. एकही सैल नाही.

"कुणी बांधली ओ ही?"

"त्यांनीच, अक्का."

"मालक चांगला असंल त्यांचा."

सुप्रीतानं विचारलं. वँडा बोलत राहिली, आणि सुप्रीता सांगायचंच विसरून ऐकत राहिली.

"काय म्हणत्यात?"

"अक्का, त्यांना मालकच नाही. कंपनी सगळ्या जमातीची. जमातीत चार लाखांवर माणसं आहेत. नफ्यातून दवाखाने चालतात, शाळा चालतात. एका शाळेत तर मुलं त्यांच्याच भाषेत शिकतात, त्यांच्याच लिपीत."

"म्हंजे ह्या बाई कामगार का मालकीण?"

"दोन्ही."

गंगव्वा स्टुलावर टेकली. "आधीपास्नं श्रीमंत व्हय ही माणसं?"

वँडानं नकारार्थी मान हलवली. त्यांच्या खापरपणज्यांना सैनिकांनी घरातून हाकललं, शेकडो मैल नेलं. हजारो वाटेतच मेले. वँडा लहान असताना गावात काम नव्हतं. मग तारांचं पहिलं काम आलं, तिची आई त्यात लागली.

गंगव्वानं वँडाचा हात हातात घेतला. दोऱ्यानं कापलेली बोटं, तिच्या बोटांसारखीच.

दुसऱ्या दिवशी गंगव्वा कारखान्याच्या मॅनेजरकडे, बसवंतकडे गेली. "निपाणीत माझ्या वळखीच्या बायका हायत. सगळ्या मिळून काम घेतील. मालकी आमचीच."

"विमानाचं नाही देता येणार. पंपाच्या मोटारींच्या तारांचं साधं काम आहे. आधी नमुना दाखवा."

पहिला नमुना, अजून कारखान्यातच असलेल्या वँडानंच तपासून परत केला. तीन गाठी ढिल्या होत्या. गंगव्वा निपाणीला गेली, आठवडाभर बायकांजवळ बसून हात धरून शिकवलं. दुसरा पास झाला.

बायकांच्या सहकारी संस्थेच्या नोंदणीला कारकुनानं विचारलं, "मालक कोण लिहू?"

"सोळा जणी."

त्यानं मान वर करून गंगव्वामागे उभ्या बायकांच्या रांगेकडे पाहिलं. मग सगळ्यांची नावं मावावीत म्हणून अर्जाला जोडायला आणखी एक कागद काढला.