चादरीखालून आलेला कठडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कठडा आहे. रांगणाऱ्या लेकराला आत बसवावं आणि आईनं तेवढ्यात हातातलं काम उरकावं, एवढ्यासाठी माझा जन्म झाला. मोठ्या शहरांत मला प्लेपेन म्हणतात म्हणे. उदगीरच्या ज्या गल्लीत मी राहिलो, तिथं मला खुराडं, पिंजरा, जेल अशी बरीच नावं मिळाली. मला त्यांचं फारसं काही वाटलं नाही. जिला वाटलं, तिचीच ही गोष्ट आहे.

मला घडवलं रुद्रेश मिस्त्रींनी, एका जुन्या दाराच्या सागवानी चौकटीतून. दोन दांड्यांत किती अंतर ठेवायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपली मूठ मधे घालून पाहिली. "मूठ अडकली पाहिजे. मूठ जात न्हाई तिथून डोकं कशाला जातंय?" मग त्यांनी मला पॉलिश पेपरनं तासन्‌तास घासलं आणि शेवटी एकेका दांडीवरून स्वतःचा गाल फिरवला. रंग मात्र दिला नाही. "दात येतानी लेकरू हितंच चावणार," म्हणाले. एवढा दांडगा माणूस, न पाहिलेल्या लेकरासाठी लाकडाला गाल लावतो! माझ्या आयुष्यातलं ते पहिलं नवल.

बालाजी मला न्यायला रिक्षा घेऊन आला. तो दालमिलमध्ये सुपरवायझर होता. घरातून बायकोचा फोन आला होता, "झाकून आणा." म्हणून माझ्या चारही बाजू घडी करून, वर फुलाफुलांची चादर टाकून, भर दुपारी मी एखाद्या पडदानशीन पाहुण्यासारखा घरात शिरलो.

घरात दीपमाला होती आणि नऊ महिन्यांची रेणू. दीपमाला बी.एस्सी. झालेली. सकाळ-संध्याकाळ दहावीच्या मुलींची गणिताची शिकवणी घ्यायची. मी येण्याआधी एकदा ती गच्चीवरचे कपडे काढायला गेली आणि परत येते तो रेणू जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेली. त्या दिवसापासून तिला जेवण गोड लागत नव्हतं.

पण मी आल्यावर तिची काळजी कमी झाली असं समजू नका. फक्त काळजीचं तोंड दुसरीकडं फिरलं. रेणूला आत ठेवलं की ती मोबाइलवर शोधायची, कठड्यानं लेकराचं काही बिघडतं का. एक जण लिही बिघडतं, दुसरा लिही नाही. ती दोन्ही वाचायची आणि पहिल्यावर विश्वास ठेवायची. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या रतिबाशेजारी ती पेन्सिलीनं बारीक रेघा ओढायची. एक रेघ म्हणजे रेणू दहा मिनिटं माझ्यात. दिवसात चार रेघा झाल्या की पाचव्या वेळी ती रेणूला कडेवर घेऊनच भाकरी थापायची.

वरच्या मजल्यावरच्या नीलम्मा मावशी बिदरकडच्या, लेकराला कानडीत 'कूसू' म्हणायच्या. एकदा न सांगता आत आल्या आणि कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अय्यय्यो, कूसूला जेलात घातलं की गं! काय गुन्हा केला तिनं?"

त्या हसत होत्या. दीपमालाही हसली. पण त्यानंतर दाराची कडी वाजली की आधी रेणू कडेवर जायची आणि मी पलंगामागं.

सगळ्यात मोठी भीती सासूबाईंची होती. तुळजाबाई गावाकडं शेतात राहायच्या. फोनवर म्हणायच्या, "लेकराला मोकळं वाढव बरं का. शिकवणीच्या नादात कोंडून ठेवू नको. जमत न्हाई तर रेणूला हिकडं आणून सोड, मी सांभाळते." त्या मायेनं म्हणत. दीपमालाला मात्र 'आणून सोड' एवढंच ऐकू यायचं. मी दिसलो, तर रेणू गावाकडं जाईल, असं तिनं मनाशी धरलं होतं.

आणि माझ्या आत काय चाललं होतं? मित्रांनो, ते सांगायला माझ्याजवळ शब्द अपुरे आहेत. तोवर मी दाराची चौकट होतो. माणसं माझ्यातून नुसती जायची. आता एक जीव माझ्याकडं टक लावून बघायचा. रेणूला लाकडी पळी लई आवडे. ती पळी हातात धरून माझ्या दांड्यांवरून ओढायची, टर्रर्र, टर्रर्र. मग थांबून आवाज कुठं गेला ते शोधायची. स्वयंपाकघरात दीपमालाचा एक कान त्या आवाजावर असे. आवाज चालू, म्हणजे लेकरू ठीक. आवाज थांबला, की ती पिठाच्या हातांनी पळत यायची. दिवसातून किती वेळा ती अशी आली असेल! त्या पिठाचे ठसे माझ्या वरच्या पट्टीवर होते. कोंडणारी आई अशी असते का, हे मला कुणी विचारलं नाही.

मग येळवस आली. पौषाच्या आधीची ती अमावस्या म्हणजे आमच्या भागात घरांना कुलपं लागतात आणि अख्खं गाव रानात जेवायला जातं. सकाळी सासरे शेषेराव टेम्पो घेऊन उदगीरला आले. दीपमालानं आंबिलीची दोन मडकी भरून ठेवली होती. खड्ड्यांच्या रस्त्यानं ती लवंडणार, म्हणून शेषेराव आधाराला काहीतरी शोधू लागले आणि पलंगामागं त्यांना मी सापडलो.

"हे झकास हाय की!" त्यांनी मला टेम्पोत उभा केला, खाली कडबा अंथरला आणि दोन्ही मडकी माझ्या आत बसवली. धपाटे बांधून दीपमाला बाहेर आली तोवर दोरी आवळून झाली होती. तिचा चेहरा पांढरा पडला.

शेतात चाळीसेक माणसं. ज्वारी डोक्यापर्यंत आलेली, हरभरा घाट्यांवर, कडब्याच्या छोट्या खोपटात, म्हणजे कोपीत, पूजा मांडलेली. बालाजीच्या आत्या सरस्वतीबाईंनी मला बघितलंच. "हे कसलं गं? कोंबड्याचं खुराडं आणलंस की काय?"

दीपमालानं एकदा सासूकडं पाहिलं आणि म्हणाली, "मडक्यांसाठी आहे, आत्याबाई."

मला वाईट वाटलं नाही. मडकी सांभाळणं हेही कामच आहे. कोपीच्या मागं सावलीत मला ठेवलं आणि आंबील गार राहावी म्हणून शेषेरावांनी वरून घोंगडी टाकली. जेवणं झाली, मडकी रिकामी झाली. कुणीतरी ती काढून नेली. माझं दार उघडंच राहिलं आणि आंबील ढवळायला आणलेली रेणूची लाडकी पळी आतच.

येळवशीला लेकरू जमिनीवर टेकतच नाही. या कडेवरून त्या कडेवर जात राहतं. दीपमालानं रेणूला सरस्वतीबाईंकडं दिलं, त्यांनी एका सुनेकडं, तिनं पोरींच्या घोळक्यात. दीपमालाला वाटलं आत्याबाईंकडं आहे, आत्याबाईंना वाटलं आईकडं गेली. खरं तर ती कुणाकडंच नव्हती. घोंगडीची कड उचलून एक छोटा हात आत आला.

रेणूनं मला ओळखलं. एवढ्या मोठ्या रानात, एवढ्या माणसांत, तिनं मला शोधून काढलं!

बाहेर एकदम ओरडा झाला. "रेणू कुठंय?" "तुझ्याकडं न्हाई का?" "मघाशी होती की!" तीस पावलांवर बिनकठड्याची विहीर होती. बालाजी ज्वारीत घुसला. दीपमालाची पावलं विहिरीकडं धावताना मला ऐकू आली. मग ती थांबली. 

लेकरू माझ्या पोटात होतं आणि मला तोंड नव्हतं. लाकूड असण्याचं दुःख मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

आणि नेमकं तेव्हाच रेणूनं माझ्या दोन दांड्या धरल्या. बोटं पांढरी झाली. गुडघे थरथरले. ती उठली! पडली, पुन्हा उठली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभी राहिली. चाळीस माणसं तिला विहिरीत आणि पिकात शोधत होती आणि ती घोंगडीखालच्या अंधारात माणूस होत होती. मी श्वास घेत असतो तर तो अडकला असता. मग एक हात सोडून तिनं पळी उचलली आणि माझ्यावरून ओढली.

टर्रर्र.

चाळीस जणांपैकी तो आवाज एकीलाच कळला. दीपमाला विहिरीवरून जी सुटली, ती घोंगडी भिरकावूनच थांबली. रेणू उभी होती. आईला बघून हसली आणि धप्पकन बसली.

सगळे जमले. सरस्वतीबाई धापा टाकत म्हणाल्या, "आगं, हे तर मडक्याचं हाय म्हणालीस?"

दीपमालानं रेणूला घट्ट धरलं होतं. ती म्हणाली, "नाही. रेणूचंच आहे. मी रोज तिला यात ठेवते. मला भीती वाटली तुम्ही काय म्हणाल म्हणून खोटं बोलले."

मग तिनं सासूकडं पाहिलं. "आई, रेणूला नेणार असाल तर आत्ताच सांगा."

तुळजाबाई खाली बसल्या. माझ्या पट्टीवरचे वाळलेल्या पिठाचे ठसे त्यांनी बोटानं चाचपले. मग हळूच म्हणाल्या, "ह्या बाभळीला बालाजीच्या पायाचं दावं बांधून मी खुरपत होते. पाय सोलला होता त्याचा. जत्रंत पडला म्हणून सांगितलं सगळ्याला."

बालाजी आपल्या घोट्याकडं बघू लागला. शेषेरावांनी मान खाली घातली.

"लेकरू तुझ्याजवळच राहू दे," तुळजाबाई म्हणाल्या. "पण तू जेवलीस का? न्हाई ना? बस जेवायला. हिला मी बघते." आणि नऊवारी सावरत त्या माझ्या दारातून आत शिरल्या आणि नातीला मांडीवर घेऊन चक्क बसल्या.

शेषेराव म्हणाले, "लावू का आता कडी?"

"लावा की! पस्तीस वर्सं हुडकायले अशी जागा. कोणी चहा तरी मागणार न्हाई."

रान हसलं. दीपमाला रडत रडत जेवली. त्या रात्री कॅलेंडरवर रेघ पडली नाही, आणि रेणू माझ्यात खेळत राहिली तरी नंतरही कधी नाही.

मित्रांनो, आता रेणू पहिलीत आहे. मधली वर्षं मी गच्चीवर होतो. उन्हानं माझी एक दांडी तडकली, बिजागरी गंजली. मागच्या महिन्यात नीलम्मा मावशी खाली आल्या, जरा घुटमळल्या. "मागच्या गल्लीतली माझी मुलगी बाळंतपणाला आली होती ना, तिचं कूसू रांगायला लागलं. ते तुझं... जेल, रिकामं आहे का गं?"

दीपमालानं मला तेल लावलं, दांडी बदलून घेतली, मग प्रत्येक दांडीवरून आपला गाल फिरवला. नेताना रेणू चादर घेऊन धावली. दीपमाला म्हणाली, "राहू दे." आणि भर दुपारी, गल्लीला वळसा घालून, मला उघडाच डोक्यावर घेऊन ती नीलम्मांच्या मुलीकडं निघाली.

माझं एक मागणं आहे. माझ्यासारख्या वस्तूला महिन्यातून एकदा पुसा, कडी घट्ट आहे का पाहा. आणि एखाद्या घरात लेकरू कठड्यात दिसलं, तर आईला जाब विचारण्याआधी तिला विचारा, जेवलीस का. मग दहा मिनिटं तुम्ही कठड्यात बसा. स्वयंपाकघरातून आई किती वेळा पळत येते, ते तेवढ्यात मोजून होईल.