पाहुण्यांची गादी

झेल्फियाने जन्मभर कापूस वेचला, पण पाठ टेकली ती मक्याच्या सालपटांवर. अलाबामाच्या त्या भागात सगळ्यांचं तसंच. कापूस विकायचा, सालपटं गादीत भरायची. कूस बदलली की गादी अशी कुरकुरायची, की नवरा अर्ली म्हणायचा, "घरात चोर नाचून गेला तरी कळायचं नाही."

मंदीत कापसाचा भाव पार बसला आणि सरकारच्या गोदामांत कापूस मावेना. मग तो घरोघरी वाटला, वर पट्ट्यापट्ट्यांचं कापड. शाळेत जायचं आणि आपली गादी आपणच शिवायची.

अर्लीने नाक मुरडलं. "मी पिकवलेला कापूस मलाच भीक घालणार?"

"तू बस फुगून. मी चालले," झेल्फिया म्हणाली. दोन दिवस काठीने कापूस झोडपून तिचे दंड सुजले, पण गादी झाली फर्मास.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. इतकी चांगली वस्तू घरच्यांनी वापरायची? छे! ती गेली बाहेरच्या खोलीत, पाहुण्यांच्या पलंगावर. महिन्यातून एकदा पाद्री टिडवेल मुक्कामाला येत, ते तिच्यावर घोरत. एकदा खेचरांचा एक व्यापारी झोपला, तोही मेला बूट घालून. झेल्फिया ती गादी दोन वर्षं झटकत राहिली. कंबर धरली होती तिची. एकदाच त्या कापसावर पाठ टेकावी, एवढंच तिला हवं होतं. अडवत कोण होतं? तीच.

मग लढाई आली. अर्धं गाव किनाऱ्यावर जहाजं बांधायला गेलं आणि ज्यांनी कधी नोट पाहिली नव्हती त्यांच्या हातात पगार खुळखुळू लागला. साखर मात्र कुपनावर. दुकानात काहीही मागा, दुकानदार म्हणायचा, "लढाई चालू आहे बाई." मुलगा हार्लन फौजेत गेला. समुद्रापार जाण्याआधी तीन दिवसांची रजा मिळाली, असं त्याचं पत्र आलं आणि झेल्फियाने गादी उन्हात टाकली.

हार्लन आला, चवळी आणि मक्याची भाकरी तीनदा मागून जेवला. आईने पलंग दाखवला. "तुझ्यासाठी घातलाय."

सकाळी ती कॉफी घेऊन गेली, तर पलंगावरच्या चादरीची घडीसुद्धा मोडली नव्हती. चिरंजीव मागच्या पडवीत होते. गोठ्यातून आपली जुनी सालपटांची गादी ओढून आणून तिच्यावर आडवे.

"अरे, हे काय? ती मऊ गादी सोडून?"

"तो पाहुण्यांचा पलंग आहे आई." तो डोळे चोळत उठून बसला. "तीन दिवस घरी आलोय. घरात पाहुणा होऊन कशाला झोपू?"

पोराचा मान ठेवायच्या नादात आपण त्यालाच परका केला, हे तिच्या मनाला फार लागलं.

हार्लनने बापाला हाक मारली. दोघांनी कापसाची गादी उचलली आणि आतल्या खोलीत आईच्या पलंगावर टाकली; तिथली सालपटांची गादी पाहुण्यांच्या पलंगावर गेली.

"आता तू झोप. मला बघू दे."

"आत्ता? चुलीवर चवळी चढवलीय रे."

"बूट काढ आधी."

पोराचं मन राखायला म्हणून ती आडवी झाली, ती थेट दुपारी उठली. चवळीचा कोळसा झाला होता. बापलेक पायरीवर बसून तोच खात होते आणि कोंबड्यांना दबक्या आवाजात दटावत होते. अर्लीने चवीबद्दल चकार शब्द काढला नाही.

हार्लन गेला. पुढच्या महिन्यात पाद्री टिडवेल आले, नेहमीच्या पलंगावर झोपले आणि सकाळी कंबर चोळत न्याहारीला बसले.

"झेल्फियाबाई, ती मऊ गादी कुठे गेली?"

अर्ली बिनसाखरेची कॉफी ढवळत होता. "लढाईचे दिवस पाद्रीबाबा," तो गंभीरपणे म्हणाला. "सगळ्याचीच टंचाई."

झेल्फियाने पदराआड हसावं तसं एप्रनमध्ये तोंड लपवलं.

पाद्रीबाबांची नजर पडवीकडे गेली. तिथे एका खाटेवर सालपटांची आणखी एक गादी होती, वर नुकतीच धुतलेली चादर. "मग तीही माझ्या गादीवर घाला की. दोन झाल्या तर जरा मऊ लागेल."

"ती नाही मिळायची," झेल्फिया म्हणाली. "ती घरच्या माणसाची आहे."