पावणेदोन आणि एक पॉइंट पंचाहत्तर

अकरा वाजून गेले तरी टायर रिंगवर चढत नव्हता. अर्धा चढला, पाऊण चढला, पण शेवटची वीतभर कड काही केल्या आत जाईना. इकडून दाबली की तिकडून बाहेर यायची. माझी भाची स्वयंपाकघराच्या फरशीवर चाक मांडीत धरून बसली होती आणि मी तिच्या डोक्याशी उभी राहून सूचना देत होते. माझी चाळीस वर्षं शाळेत अंकगणित शिकवण्यात गेली, त्यामुळे सूचना देण्याची सवय सुटत नाही.

"साबणाचं पाणी लाव."

"लावलंय मावशी. दोनदा."

"मग चमच्याने कड उचल."

"दोन चमचे वाकले. तिसरा कपाटाखाली उडाला."

दुपारी दोन वाजता तिला टपाल कार्यालयात हजर व्हायचं होतं. पत्रं वाटण्याच्या नोकरीसाठी चाचणी होती. भरलेली थैली घेऊन, स्वतःच्या सायकलवरून ठरलेली फेरी मारून दाखवायची. अर्जात सायकलच्या सांगाड्यावरचा नंबर लिहून दिलेला होता, म्हणजे शेजाऱ्यांची सायकल मागून नेण्याचा प्रश्नच नव्हता. आणि पुढच्या महिन्यात ती वयाच्या अटीबाहेर जाणार होती. आज जमलं तर जमलं. सहा वर्षं ती एका गोदामाच्या तळघरात खोकी चिकटवत होती. तिथे एकही खिडकी नाही. मला विचाराल तर तिला नोकरीपेक्षा रस्ता हवा होता.

सायकल माझी जुनी. मागचा टायर ठीक होता, पुढच्याची बाजू फाटून ट्यूब बाहेर डोकावत होती. नवा टायर आदल्या दिवशी मीच मोठ्या बाजारातून आणला होता. तिथे काय झालं ते सांगितलंच पाहिजे, कारण सगळ्या घोळाचं मूळ तिथे आहे.

जुन्या टायरवर सव्वीस गुणिले पावणेदोन असं छापलेलं होतं. एक, आणि त्याच्या शेजारी तीन छेद चार, पाठ्यपुस्तकात असतात तसे सुबक. विक्रेत्याने काढून दिलेल्या टायरवर सव्वीस गुणिले एक पॉइंट पंचाहत्तर होतं. तो बिचारा चष्मा कपाळावर सारून म्हणाला, "आजी, हे जरा वेगळं लिहिलंय. आत विचारून येतो." मी त्याला कुठली जाऊ देते. पिशवीतून पेन काढलं आणि त्याच्याच कागदावर तीनला चाराने भागून दाखवलं. उत्तर शून्य पॉइंट पंचाहत्तर. "बघा, एकच आहे की नाही?" तो म्हणाला, "हो की." टायर गळ्यात हारासारखा अडकवून मी घरी आले, आणि वाटभर माझं मलाच कौतुक वाटत होतं.

आता तोच टायर आमचा छळ मांडून बसला होता. भाचीने दात आवळून स्क्रूड्रायव्हर घुसवला, जोर केला, आणि आतून फुस्स असा आवाज आला. ट्यूब गेली.

ती उठली, हात धुतले, पुसले, परत धुतले. मग दारापर्यंत गेली आणि परत आली.

"भोपळ्याकडे जाऊ," ती म्हणाली.

भोपळा म्हणजे तिठ्यावरचा सायकल दुरुस्त करणारा. माझा जुना विद्यार्थी. सहामाहीला त्याने गणितात भोपळा आणला आणि तेच नाव त्याला चिकटलं. भाचीने कालच त्याचं नाव काढलं होतं. मी म्हटलं होतं, ज्याला दोन अपूर्णांकांची बेरीज करता येत नव्हती त्याला आकड्यातलं काय विचारायचं. आज ते वाक्य तिने मला ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही निघालो. ती सायकलचं पुढचं अंग उचलून मागच्या चाकावर ढकलत होती आणि मी चाक व टायर घेऊन तिच्या मागून जवळजवळ पळत होते. सिग्नलला थांबावं लागलं तेव्हा तिने चार वेळा घड्याळ पाहिलं. लाँड्रीच्या दारातल्या बाईने विचारलं, "पंक्चर का?" मी म्हटलं, "हो," आणि पुढे झाले. खरं सांगायला वेळ नव्हता आणि तोंडही नव्हतं.

भोपळा बाबागाडीचं चाक जुळवत होता. आता त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे झालेत. मला पाहून तो शाळेत उठायचा तसाच उठला.

"बाई, तुम्ही? बसा."

"बसायला वेळ नाही रे. हा टायर चढवून दे. दोनच्या आत तिला टपालात पोचायचंय, नोकरीच्या चाचणीला. अर्जात ह्याच सायकलच्या सांगाड्याचा नंबर दिलाय."

त्याने चाकाकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं. हातसुद्धा लावला नाही.

"हा ह्याचा नाही."

"नाही कसा? दोन्ही सव्वीस. हे पावणेदोन, ते एक पॉइंट पंचाहत्तर. तुला सातवीत शिकवलं होतं मी."

"शिकवलं होतं. मला आलं नव्हतं." तो हसला. "म्हणून तर टायरवाल्यांनी मला फसवलं नाही."

"मावशीला फसवलं," भाची म्हणाली. सकाळपासूनचा तिचा पहिला टोमणा. मला जरा हलकं वाटलं.

भोपळ्याने टायर उजेडात धरला आणि बाजूवरच्या बारीक उठावाच्या अक्षरांवर अंगठा ठेवला. "हे काय लिहिलंय, बाई?"

मी चष्मा लावला. सत्तेचाळीस, मधे रेघ, पाचशे एकोणसाठ. "कारखान्याचा काहीतरी नंबर असेल. मी कालही पाहिला होता."

"हेच खरं माप. सत्तेचाळीस मिलिमीटर टायरची जाडी. आणि पाचशे एकोणसाठ म्हणजे टायरची कड रिंगवर जिथे बसते तिथला व्यास. आता ही तुमची रिंग." त्याने रॉकेलचं फडकं घेऊन रिंगची आतली बाजू घासली. गंजाखालून ठसा वर आला. पाचशे एकाहत्तर.

मी दोन्ही आकडे मनात वजा केले. बारा मिलिमीटर. तीन तास आम्ही बारा मिलिमीटरशी कुस्ती खेळत होतो.

"पण मग सव्वीस कशाचं?" मी विचारलं.

"सव्वीस इंच म्हणजे टायरसकट बाहेरून साधारण केवढं चाक होईल ते. तेही साधारणच. एका कंपनीने एक रिंग काढली, तिच्या टायरवर पावणेदोन लिहिलं. दुसरीने वेगळी रिंग काढली, तिने पॉइंट टाकून लिहिलं. ही हाक मारायची नावं आहेत, बाई. वर्गात दोघांचं नाव एकच असलं म्हणून एकाची चप्पल दुसऱ्याला येते का?"

इतकं सोपं करून मी त्याला कधी काही सांगितलं होतं का, ते मला आठवेना.

"मग पाचशे एकाहत्तरचा दे," भाची म्हणाली.

"ह्या मापाचा कोणी ठेवत नाही आता. मागवावा लागतो. आठ दिवस."

भाची पायरीवर बसली. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी दुकानात येरझारा घालू लागले. तीन पावलांत दुकान संपायचं, की वळायचं. मनात एकच घोळत होतं, की सोमवारी ही पुन्हा त्या तळघरात उतरेल आणि मला एका शब्दाने बोलणार नाही.

"बाई, एके जागी उभ्या राहा. माझा उजेड अडतोय," भोपळा म्हणाला. तो मान वर करून छताला टांगलेली चाकं बघत होता. मग स्टूलवर चढून त्याने एक खाली काढलं, धुळीने माखलेलं, पण आरे सगळे शाबूत. ठसा पाहिला. "रिंगला टायर मिळत नसेल तर रिंगच बदलू. ही पाचशे एकोणसाठची आहे. नंबर सांगाड्यावर असतो ना? चाक कुणाचं ते कोण विचारतंय."

भाची उठून उभी राहिली.

त्याने चाक सायकलच्या पुढच्या चिमट्यात बसवून पाहिलं. बसलं. ब्रेक दाबला आणि त्याचं तोंड उतरलं. ब्रेकची रबरं रिंगच्या वरून, हवेतच एकमेकांना भेटत होती. "रिंग बाराने लहान," तो म्हणाला. "रबरं खाली घ्यावी लागणार, आणि ती सरकवायची ब्रेकमधली खाच आहे जेमतेम आठ मिलिमीटरची. नाही पोचायची. ब्रेकशिवाय मी हिला सोडणार नाही."

"बारा कशाला?" मी म्हटलं. "बारा व्यासात कमी झाले. चाकाचा मध्य जागचा हलला नाही. वरून सहा गेले, खालून सहा. ब्रेकला सहाच उतरायचंय."

त्याने मग पट्टी लावून मोजलं.

"सहा," तो म्हणाला. "घाईत चुकलो. पेपरात धरू नका."

टायर चढवायला त्याने काहीच हत्यार घेतलं नाही. नवी ट्यूब घातली आणि दोन्ही अंगठ्यांनी कड ढकलत नेली. पापड लाटायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आमचे वाकलेले चमचे माझ्या डोळ्यांसमोर आले. रबरं खाली सरकवली, आवळली. भाचीने गल्लीत फेरी मारली, ब्रेक किंचाळला, पुन्हा सैल केला, पुन्हा आवळला. त्यात आणखी अर्धा तास गेला. एक वाजून वीस मिनिटांनी ती निघाली. वळणावर तिने मागे पाहिलं नाही, ते बरंच केलं.

मी घरी आले. फरशीवरचा साबण पुसला. चमचे सरळ करायला घेतले आणि एक मोडला. दोरीवरचे कपडे वाळले नव्हते तरी काढले आणि पुन्हा वाळत घातले. अडीच, तीन, सव्वातीन. दर वेळी जिन्यात पाऊल वाजलं की दारापाशी जायचं, आणि वरच्या मजल्यावरचं कुणी असलं की कचरा ठेवायला आल्यासारखं करायचं.

चार वाजता खाली घंटी वाजली. मी खिडकीतून वाकले. ती सायकलवरच बसून होती, एक पाय जमिनीवर.

"काय झालं?"

"उतारावर थैली भरून ब्रेक मारायला लावला. थांबली."

"आणि?"

"आणि एक कागद भरायचा होता. टायरचं माप काय, म्हणजे सुटे भाग देता येतात. सगळ्यांनी सव्वीस लिहिलं. मी पुढचं पाचशे एकोणसाठ लिहिलं, मागचं पाचशे एकाहत्तर. साहेब म्हणाले, हे काय? मग मी सांगत बसले. रांगेतले लोक आपापले टायर बघायला बाहेर पळाले."

"अगं, नोकरीचं काय ते सांग."

"सोमवारी सकाळी सहाला."

मी खिडकीची चौकट धरली. खाली ती पुढचं चाक डावीउजवीकडे वळवत होती. तिला वर यायचं नव्हतं, ते दिसतच होतं.

"मागचा टायर महिन्याच्या आत बदला म्हणालेत," ती म्हणाली. "भोपळ्याला मागवायला सांगून येते आत्ताच."

"थांब, मी आणते ना उद्या, मोठ्या बाजारात..."

"मावशी," ती म्हणाली, "तू घरीच बस," आणि वळणावरून दिसेनाशी झाली.