पहिली भवानी

दाराची कडी दोनदा वाजली, आणि घरात कोंडून राहिलेली शांतता दचकली.

माधवी लसूण सोलत होती. बावड्याच्या त्या घरात आठवडाभर कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. टीव्हीवर टॉवेल टाकलेला होता. शेजारणी येत, त्याही चपला हातात धरून आल्यासारख्या.

"पार्सल हाय. रोहिणी..." पार्सलवाला पुढचं नाव वाचायच्या आत माधवीनं ओठांवर बोट ठेवलं.

रोहिणी तिची धाकटी नणंद. कऱ्हाटीला दिलेली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आठवा सरत होता. मागल्या रविवारी पोटातली हालचाल थांबली म्हणून तिला बारामतीला नेलं, तर बाळाचे ठोके लागलेच नाहीत. नाळेला पीळ पडला होता, यात कुणाची चूक नाही, असं डॉक्टरीणबाईंनी पुन्हापुन्हा सांगितलं. रोहिणी रिकाम्या ओटीनं घरी आली, ती आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडली.

पार्सल अगदी हलकं होतं. वरच्या चिठ्ठीवर छापलं होतं, ‘न्यूबॉर्न सेट, पिवळा’. हा सेट तिनंच निवडलेला होता.

उन्हाळ्यात मोबाईलवर बघून बघून ती ॲफिलिएट मार्केटिंग शिकली होती. माल आपला नाही, दुकान आपलं नाही. दुसऱ्याच्या मालाचा व्हिडिओ करायचा, खाली लिंक द्यायची. त्या लिंकवरून कुणी घेतलं की आपल्याला थोडं कमिशन. शिकवणारा सांगायचा, सगळंच विकायला निघाल तर काहीच विकलं जाणार नाही, आधी निश निवडा. निश म्हणजे एकच ठरलेला विषय, ज्यातलं आपल्याला कळतं.

आता माधवीला काय कळतं? नवरा, अविराज, म्हणाला, "फवारणीचे पंप विक."

"पंप पाठीवर तुमी घ्यायचा आन् व्हिडिओत मी दिसायचं व्हय?"

साड्या म्हणाव्या, तर निम्मं गाव साड्याच विकत होतं. भांडी म्हणावीत, तर स्वतःचं काळं पडलेलं स्वयंपाकघर दाखवायला लागलं असतं. शेवटी एका दुपारी लेकीला थोपटताना तिला सुचलं. वैष्णवीच्या वेळी दवाखान्यात जायची घाई झाली, तेव्हा पिशवीत काही म्हणजे काही नव्हतं. लेकरू सासूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलं होतं. ठरलं मग. आपली निश हीच, बाळ येण्याआधीची तयारी.

सासूबाईंनी, शकुबाईंनी, ते ऐकलं आणि सुपारी कातरता कातरता अडकित्ता थांबवला. "जल्माला यायच्या आदी नवं आणू न्हाय गं. आपल्यात पाचवीपतुर दुसऱ्याच्या लेकराचं जुनं झबलं घालत्यात."

"आई, तवा दुकानं लांब होती म्हणून. आता घरपोच येतंय."

"दुकान लांब न्हवतं, बाई. भरवसा लांब हुता."

माधवी हसली होती. ‘जुन्या समजुती सोडा’ असं म्हणत तिनं ते व्हिडिओतही घातलं. व्हिडिओच्या शेवटी पाच वर्षांची वैष्णवी टोपडं घातलेली बाहुली पुढं धरून म्हणायची, "न्हाय आवडलं तर परत पाठवा, बदलून मिळंल." रोहिणी पोट धरून हसायची. "वहिनी, हिला मॅनेजर कर तू."

पण कुणी काही घेईना. मग एके दिवशी मोबाईल किणकिणला. पहिली ऑर्डर. कुणी घेतलं ते त्यात दिसत नाही. माधवीनं देवापुढं साखर ठेवली, घरात वाटली. रोहिणी तळहातावरची साखर चाटत गालातल्या गालात हसली होती.

ते हसू माधवीला आत्ता कळलं.

"काय आलंय?" शकुबाई मागं येऊन उभ्या होत्या.

खोटं सुचेना. "बाळाचे कपडे, आई. रोहिणीनं मागवलेले. माझ्याच लिंकवरनं."

आता या बोलणार. बोलू देत, असंच माधवीला वाटत होतं. डॉक्टरीणबाईंचं तिला पटलं होतं, सगळं पटलं होतं. तरी पार्सल तिनं अंगापासून लांब धरलं होतं, निखारा धरावा तसं.

शकुबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं आणि पदराखाली झाकलं. "तिला कळू देऊ नगंस. मी म्हणालेलं तिनं ऐकलंय. आता तिला वाटंल, आपल्याच हातनं झालं." त्यांचा आवाज चिरकला. "तवाच माझी जीभ का झडली न्हाय."

"मला ठावं हाय, आई." आवाज आतल्या खोलीकडून आला.

रोहिणी खोलीच्या उंबऱ्यात भिंत धरून उभी होती. "सकाळीच मेसेज आला, आज येतंय म्हणून." ती माधवीकडं बघत होती. "तुझं कुणीच काय घेईना, वहिनी. म्हणलं, पहिली भवानी आपल्या हातनं व्हावी."

तिनं हात पुढं केला. शकुबाईंनी पदर घट्ट धरला, मग सोडला.

रोहिणीनं पार्सल फाडलं. पिवळं झबलं. टोपडं. अंगठ्याएवढे पायमोजे. रोहिणीनं एका मोज्यात दोन बोटं घातली आणि तशीच ठेवली. माधवीला म्हणायचं होतं, माझं चुकलं.

"मऊ हाय," रोहिणी म्हणाली. "चांगलं निवडलंस."

बाहुली काखेत मारून वैष्णवी कधी आली कुणाला कळलं नाही. तिनं झबल्याला बोट लावून पाहिलं, आत्याच्या पोटाकडं पाहिलं, मग आईचा पदर ओढला.

"मम्मी, हे परत पाठवलं, तर आपलं बाळ परत देत्यात का?"