चष्मा काढा

"मकसूदभाई, खरं सांगा, मी निराधार हाय का?"

गेल्या मंगळवारी वेणूबाई माझ्या शनिवार पेठेतल्या स्टुडिओत आल्या आणि बसायच्या आधीच त्यांनी हे विचारलं. वेणूबाईंचं सिंहगडावर पिठलं-भाकरीचं हॉटेल आहे. हॉटेलच म्हणायचं, त्यांच्यासमोर झोपडी म्हणून बघा! नवरा गेल्यावर त्यांनी ते एकटीने उभं केलं आणि मुलीला, अपेक्षाला, इंजिनियरिंगला घातलं. माझे विद्यार्थी वीस वर्षं तिथेच जेवतात.

विद्यार्थी म्हणजे रविवारची हौशी मंडळी. त्यांना मी गडावर नेऊन माणसांचे फोटो काढायला शिकवतो. गडावर येणारा प्रत्येक जण धापा टाकत येतो आणि लगेच पुणे दरवाज्यात उभा राहून दात काढतो. मी सांगतो, त्याला आधी बसवा, पाणी द्या, श्वास जागेवर येऊ द्या. डोक्यावरचं ऊन डोळ्यांखाली खड्डे पाडतं, म्हणून कमानीच्या सावलीत घ्या आणि तोंड उजेडाकडे करा. मागे गड थोडाच दिसू दे, तो कुठे पळून जात नाही. आणि चष्मा काढायला लावा. काचेवर आभाळ चमकतं. चष्मा काढला की नजर मोकळी होते.

ज्याला पटत नाही त्याला मी स्टुडिओच्या दर्शनी काचेतला फोटो दाखवतो. माझ्या बायकोचा, हुस्नबानूचा. चौतीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात कल्याण दरवाज्यात काढलेला. मान किंचित कललेली, नजर कुठेतरी लांब, कॅमेऱ्याच्याही पलीकडे. त्या नजरेवर आजवर किती जणांनी माना डोलावल्या असतील. हुस्नबानू स्वतः आत काउंटरवर जाड चष्मा लावून शब्दकोडं सोडवत बसलेली असते. तिला कोणी ओळखत नाही.

वेणूबाईंनी मोबाईल पुढे केला. नदीपलीकडच्या एका कलादालनातल्या प्रदर्शनाचा फोटो होता. भिंतीवर वेणूबाईंचं हे भलंमोठं चित्र, त्यावर पहिल्या बक्षिसाची फीत, खाली चिठ्ठी: 'निराधार'. आणि परीक्षकांचा शेरा, 'शून्यात हरवलेली नजर'. फोटोग्राफर शौनक. माझाच विद्यार्थी.

"शून्यात कुठली हो? मला साडेसात नंबर हाय," वेणूबाई म्हणाल्या. "चष्मा काढल्यावर मला तव्यावरची भाकरी दिसत न्हाई, त्यो पोरगा कुठून दिसणार? दोन भाकरी खाल्ल्या आन् म्हणला, मावशी, चष्मा काढा. स्वेटर काढा. खुर्ची नको, उंबऱ्यात बसा. पाव्हणा म्हणून ऐकलं मी."

तो फोटो अपेक्षाच्या कर्वेनगरच्या हॉस्टेलपर्यंत पोचला होता. मुली तिला विचारत होत्या, तुझ्या आईला कोणी नाही का गं? दोन दिवस ती आईशी बोलली नव्हती, तिसऱ्या दिवशी फोन केला तो भांडायलाच. "म्हणती, तू बसलीसच कशी तशी? आता मी पोरीला काय सांगू?"

माझं टाळकं सरकलं. अरे, जिच्या हातचं खाल्लंस तिलाच भिकेला लावलीस? मी तसाच उठलो, शटर अर्धं ओढलं, हुस्नबानूला "येतो" म्हटलं आणि वेणूबाईंना घेऊन रिक्षाने कलादालन गाठलं.

शौनक त्याच फोटोसमोर उभा राहून दोघांना काहीतरी समजावत होता. मला बघून तो पाया पडायला वाकला. मी पाय मागे घेतले.

"हा फोटो उतरव," मी म्हटलं.

"सर, रविवारी प्राइझ सेरेमनी आहे. आणि इट्स आर्ट ना. मावशी, तुम्ही पर्सनली घेऊ नका."

"मग कुणी घ्यायचं?" वेणूबाई म्हणाल्या. "तोंड माझं हाय."

"चष्म्यासकट काढला असतास तर काय बिघडलं असतं?" मी विचारलं.

"मग नॉर्मल झालं असतं सर. स्टोरी राहिली नसती."

आता मात्र माझा आवाज चढला. एकटी बाई हॉटेल चालवते, मुलीला इंजिनियर करते, तुझ्यासारख्या शंभर जणांना नावानिशी ओळखते, आणि तुला तिच्यात गोष्ट दिसली नाही? चष्मा, स्वेटर, खुर्ची, तिने कमावलेलं एकेक काढून घेतलंस आणि उरलं त्याला निराधार म्हणालास! दालनातले लोक वळून बघायला लागले. दारावरचा रखवालदार आत आला.

शौनकचे कान लाल झाले, पण तो म्हणाला, "सर, चष्मा काढला की नजर मोकळी होते, हे तुमचंच वाक्य आहे. माझ्या वहीत आहे."

"मी काचेवरच्या चमकेबद्दल बोलत होतो!" मी ओरडलो. आपण उगाच इतक्या मोठ्याने ओरडलो, असं मला ओरडतानाच वाटलं.

तोवर वेणूबाईंनी फ्रेम खिळ्यावरून उतरवली होती. चिठ्ठीही नखाने सोडवून हातात घेतली होती. शौनक पुढे झाला. वेणूबाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, या वेळी चष्म्यातून. तो थांबला.

परतीच्या रिक्षात मी एकटाच बोलत होतो. या पोरांना समोरचा माणूस दिसतच नाही, यांना फक्त आपला फोटो दिसतो, वगैरे. वेणूबाई फ्रेम मांडीवर उपडी धरून बसल्या होत्या.

स्टुडिओत हुस्नबानूने चहा ठेवला. मी वेणूबाईंना शब्द दिला, उद्या सकाळी गडावर येतो. पुणे दरवाज्यात, कोवळ्या उन्हात, खुर्चीत बसवून, स्वेटर घालून, चष्म्यासकट फोटो काढतो. तुमच्या मोबाईलवर टाकतो, तुम्ही लगेच अपेक्षाला पाठवा.

"पण चमकेल की काच?"

"छे! चष्मा जरा पुढे झुकवला की चमक जाते. साधी गोष्ट आहे."

"मग लोकांना काढायला का लावता?"

मी चहाचा घोट घेतला. सवय, असं काहीतरी पुटपुटलो.

हुस्नबानू त्यांना पोचवायला पायरीपर्यंत आली, मागोमाग मी. वेणूबाई दर्शनी काचेसमोर थबकल्या. कल्याण दरवाज्यातल्या त्या पोरसवदा मुलीकडे त्यांनी वाकून बघितलं, मग हुस्नबानूकडे, मग परत फोटोकडे.

"बाई, तुम्हालाबी तवा चष्मा होता ना?"

"होता की. सहा नंबर," हुस्नबानू म्हणाली. "यांच्या खिशात."

"मग बघत काय होता?"

"काय बघणार? सगळं पांढरं धुकं. एका बाजूला दरी आहे एवढं ठाऊक होतं. हे म्हणत होते, हलू नकोस. यांचा आवाज आला तिकडे तोंड केलं आणि उभी राहिले. पाय लटपटत होते नुसते."

चौतीस वर्षं. माझे कान तापले. "अगं, मग कधी सांगितलं का नाहीस?"

"विचारलंत कधी? तुम्ही आपले येईल त्याला माझी नजर दाखवत होतात."

मला कोणावर तरी प्रचंड चिडायचं होतं. समोर कोणीच नव्हतं.

हुस्नबानूने वेणूबाईंच्या हातातली ती चिठ्ठी घेतली. मागे अजून गोंद होता. चष्मा सारखा करून तिने ती बाहेरून काचेवर, स्वतःच्या फोटोखाली, अगदी सरळ रेषेत चिकटवली. 'निराधार'.

मी काढायला हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "रविवारी पोरं येतील. त्यांना दाखवा."