वेंडेलिनची जागा

बारा वर्षं, जुलै आला की मागनुस आणि त्याचा मित्र वेंडेलिन पाठीवर पिशव्या टाकून आल्प्स ओलांडायला निघत. ओबर्स्टडोर्फहून मेरानपर्यंत, सहा दिवस पायी. मागनुसची बायको आफ्रा त्यांना गाडीने वाटेच्या तोंडाशी सोडायची आणि घरी येऊन गोठा सांभाळायची. यंदा वेंडेलिनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मागनुसने जेवता जेवता विचारलं, "तू येतेस का?"

आफ्राला इतका आनंद झाला की त्या प्रश्नातलं 'वेंडेलिन नाही म्हणून' तिला ऐकूच आलं नाही. ते ऐकू आलं पहिल्या दिवशी सकाळी, चालायला लागून अर्धा तास झाल्यावर.

"हे बाक," मागनुस थांबून म्हणाला. "वेंडेलिन इथे बूट सोडून परत बांधतो."

"माझे बूट नीट बांधलेत."

"तरी थांबू. इथे थांबायचंच असतं."

ती बसली. त्याने फोन काढला तशी तिने केस सारखे केले, मान जरा उंच केली.

"किंचित सरकतेस का?" तो म्हणाला. "बाकाचा फोटो काढतो. वेंडेलिनला पाठवायचाय. बिचारा घरी कण्हत असेल."

ती सरकली. नुसती सरकली नाही, उठून तरातरा पुढे चालायला लागली. मागून मागनुसचं चालूच होतं. या झऱ्याचं पाणी वेंडेलिनला गोड लागतं. या चॅपेलपाशी वेंडेलिन टोपी काढतो. खायला बसल्यावर तिने रात्री जागून केलेला आलुबुखाराचा केक पुढे ठेवला, तर हा म्हणाला, "छान झालाय. वेंडेलिन नेहमी धुरावलेलं मांस आणतो. घरी केलेलं."

"मग त्याच्याशीच लग्न करायचं होतंस."

"छे, तो घोरतो," मागनुस हसत म्हणाला.

"तेच म्हणतेय मी. तुला त्याचं सगळं ठाऊक!"

त्याला काही कळलं नाही. तो केक खात राहिला.

पुढे घळ लागली. घळीत गेल्या हिवाळ्याचा बर्फ अजून पडून होता, वरून करडा, खालून पाण्याने पोखरलेला. "वेंडेलिन सरळ बर्फावरून जातो," मागनुस म्हणाला, "पण आपण कडेच्या वाटेने जाऊ हं." त्या 'आपण'मध्ये तिला स्वतःचं वय, वजन आणि गोठ्यात घालवलेले बाराही जुलै ऐकू आले. ती सरळ बर्फावर चढली. दहा पावलं झकास गेली. अकराव्याला पाय सटकला आणि ती पाठीवर घसरत खालच्या दगडांपर्यंत गेली. हातातली काठी ओढ्यात पडली आणि वाहून गेली.

मागनुस धापा टाकत उतरला. तोंड पांढरंफटक.

"वेडी झालीस का? अगं, वेंडेलिनला बर्फाची तीस वर्षांची सवय आहे!"

अजूनही वेंडेलिनच! खरचटलेला गुडघा पुढे करून ती रडायला लागली. त्याने जखम पुसली, पट्टी बांधली, स्वतःची काठी तिला दिली. "फार दुखतंय?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली. कुठे, ते सांगितलं नाही.

दुपार कलताना दोघं डोंगरातल्या मुक्कामाच्या घराशी पोचले. ते चालवणारी हुबेर्टा दारातच उभी होती.

"आलास? आणि माझा वेंडेलिन कुठाय? ही कोण?"

"माझी बायको."

"अय्या! तुला बायकोसुद्धा आहे?" हुबेर्टा खदखदून हसली. "या बाई. वेंडेलिनचा फोन आला होता. म्हणाला, यांना मोठ्या खोलीत सगळ्यांच्या ओळीत झोपवू नकोस, वेगळी खोली दे."

"बघ!" मागनुस खुलून म्हणाला. "किती विचार करतो!"

टोमणा तिने सोसला असता. हा चांगुलपणा मात्र तिला सोसवेना. सूप झाल्यावर ती घरामागच्या उंचवट्यावर गेली, जिथे फोन लागत होता, आणि वेंडेलिनला फोन लावला.

"खोलीबद्दल आभार," ती म्हणाली. "आता एक कर. हे सहा दिवस माझे आहेत. त्याच्याकडे फोटो मागू नकोस."

"मी कुठे मागतो? तोच पाठवतो. पहिला बघितला, बाकीचे उघडलेसुद्धा नाहीत."

"का?"

"का म्हणजे? त्या बाकावर तुझी सावली पडलीय, आफ्रा. मी इथे उशीवर पाय ठेवून बसलोय आणि म्हणतोय, ही बाई माझ्या जागी कशी? पोटात दुखतंय माझ्या. हसू नकोस."

ती हसली नाही. दिवसभरात तिच्या मनातलं इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

"मग खोली कशाला मागितलीस?"

"त्याच्या शेजारची गादी माझी असते. तिच्यावर कुणी झोपायला नको म्हणून."

"लबाडा!" आफ्रा म्हणाली, आणि तिला एकदम हलकं वाटलं.

"बरं ऐक," वेंडेलिन म्हणाला. "उद्या होल्झगाऊचा झुलता पूल लागेल. मागनुसच्या पुढे चाल आणि पूल संपेपर्यंत त्याला चिडव. काहीही बोल. चिडला की तो खाली बघत नाही. उंचीची फार भीती त्याला. तुला ठाऊकच असेल म्हणा."

एकोणतीस वर्षांचा संसार. दर शरदात छपराची पन्हळ साफ करायला शिडीवर तीच चढायची, कारण मागनुसची पाठ नेमकी तेव्हाच धरायची.

"ठाऊक आहे की," ती म्हणाली. हलकं वाटलेलं सगळं परत जड झालं.

ती आत आली तेव्हा मागनुस गोड धिरड्याच्या बशीपुढे तिची वाट बघत होता.

"कुणाशी बोलत होतीस?"

"वेंडेलिनशी."

"तू? एवढा वेळ? काय म्हणाला?"

"काही नाही. आमचं आपलं."

"आमचं म्हणजे?" त्याने चमचा खाली ठेवला. "माझ्या एका फोटोला उत्तर नाही सकाळपासून, आणि तुझ्याशी गप्पा मारतो?"

"गार होतंय, खा," आफ्रा म्हणाली आणि बशी स्वतःकडे ओढली. उद्या पुढे तीच चालणार होती. इतक्या वर्षांत चिडवण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ साठलं होतं, आणि त्यातलं निम्मं तरी वेंडेलिनला ठाऊक नव्हतं.